बहिणीचं घेत नाहीत

माझा भाऊ बाहेर कुठेही चहा प्यायचा नाही. चहा आवडत नव्हता असं नाही, घरी कपावर कप रिचवायचा. पण ज्या शाळेला त्याने मुलींसाठी संडास बांधून दिले, ज्या गावाला पाण्याची टाकी दिली, तिथे उद्घाटनाला गेला की समोर आलेला कप हळूच बाजूला सरकवायचा आणि म्हणायचा, "आत्ताच झाला." साफ खोटं. शाल-श्रीफळाची वेळ आली की हा व्यासपीठावरून उतरून चपला शोधत असायचा. एकदा मी चिडून म्हटलं, "अरे, नारळ घेतलास तर हात झडतील का तुझे?" तो नुसता हसला. "सवय नाय बाय," म्हणाला.

लोकांना त्याचं कोण कौतुक! एवढा मोठा शेठ, पण बघा, साधा नारळ घेत नाही. मला मात्र राग यायचा. मी स्वतः मास्तरीण. त्या शाळेतल्या बाईंनी घरून दूध आणून, वेलची कुटून चहा केला होता, तो कप तसाच साय धरून बसलेला मी पाहिला होता. त्या बाईंचं तोंड एवढंसं झालं होतं. परतताना गाडीत मी भावाशी बोललेच नाही.

मी त्याच्याहून मोठी. माहेर पनवेलजवळ खाडीकाठचं, भाताची शेती आणि थोडं मिठागर. मला दिली चिरनेरला, आणि तिथल्याच बाजूच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत माझी सगळी नोकरी झाली. सरकारने नव्या शहरासाठी आमच्या जमिनी घेतल्या तेव्हा वडील नुकतेच गेले होते. मोबदला यायचा म्हणजे वारसांच्या सह्या आल्या, आणि आमच्याकडे बहिणी काय करतात ते कुणाला सांगायला नको. हक्कसोडपत्रावर सही करतात आणि घरी जातात. मीही केली. आईने त्या दिवशी मला नवी साडी घेतली, आणि येताना आम्ही तिघांनी पनवेलच्या स्टँडसमोर भेळ खाल्ली. मला त्यात काही वाटलं नाही. माहेरचं दार उघडं राहावं म्हणून सगळ्याच करतात.

गावात चेक आले तशा जीपगाड्या आल्या. हळदीला बँजो वाजू लागले, पुरुषांच्या गळ्यात दाव्यासारख्या जाड चेना आल्या. माझा भाऊ तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होता. त्याने आलेले पैसे उचलले आणि शेअर घेतले. आईला वाटलं, पोरगं गेलं वाया. "जमीन दिली नि कागद घेतलास?" असं ती येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर त्याला विचारायची. तो मान खाली घालून जेवत राहायचा.

त्याची शेअर घ्यायची पद्धतही अजब होती. पुढे कामोठ्याला इमारतींवर इमारती उठायला लागल्या, तेव्हा हा नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी स्कूटर काढायचा आणि बांधकामाच्या जागी फेकलेले रंगाचे रिकामे डबे, पायपांचे तुकडे, वायरींची खोकी बघत हिंडायचा. भंगारवाल्यांना वाटायचं, हा आपल्या धंद्यावर आलाय. एकाने तर त्याला दगड दाखवून हाकललं होतं. डबे बघून झाले की हार्डवेअरच्या दुकानात जाऊन मालकाशी गप्पा. कोणती कंपनी उधारीवर माल देते, कोणती देत नाही. जिचा माल दुकानदार कुरकुरत का होईना पण रोखीने उचलतो, तिचे शेअर हा घ्यायचा. आणि घेतले की विकायचा नाही. वर्षानुवर्षं नाही. लोक भाव वर गेला की नाचतात, खाली आला की डोकं धरतात. हा दोन्ही वेळा ताटातला मासा निवडत बसलेला.

दोन हजार आठ साली बाजार कोसळला, तेव्हा पनवेलात भल्याभल्यांची तोंडं उतरली होती. मी घाबरून याला फोन केला तर हा दुर्बीण घेऊन कर्नाळ्याला पक्षी बघायला गेलेला. "किती गेलं रे?" मी विचारलं. "गेलं कुठं? हाय तिथंच हाय. सध्या जरा बारीक दिसतंय." आणि मग मला कुठल्याशा पक्ष्याची शेपटी कशी असते ते सांगत बसला. मला हसावं की रडावं कळेना. पण झालं तसंच. दोन-तीन वर्षांत सगळं परत वर आलं आणि त्याचं नाव झालं. गावातले लोक पिशवीत पैसे भरून त्याच्या दारात येऊ लागले, "शेठ, आमचंबी लावा." त्याने कुणाचा एक रुपया घेतला नाही. "माझं बुडालं तर मला झोप येईल, तुमचं बुडालं तर येनार नाय," म्हणून परत पाठवायचा.

मग त्याने नोकरी सोडली, आईच्या नावाने ट्रस्ट काढला आणि वाटायला सुरुवात केली. आमच्या भागातल्या कितीतरी पोरी त्याच्या फीवर नर्स झाल्या. गावातला एक शेजारी डायलिसिससाठी मुंबईला जायचा आणि येताना वाटेत उलट्या करत घरी यायचा. हे कळल्यावर भावाने जुन्या पनवेलमधल्या एका लहानशा धर्मादाय दवाखान्याला डायलिसिसची मशिनं घेऊन दिली. पाटीवर नाव लावू दिलं नाही. तिथल्या डॉक्टरांनी चहा विचारला असेल, तर तो "आत्ताच झाला" म्हणाला असणार.

आणि मग त्याच्याच किडन्या गेल्या.

ब्लडप्रेशर होतंच. गोळ्या घ्यायचा कंटाळा, आणि सगळ्याच बाबतीत वाट बघायची सवय. पाय सुजले तेव्हा तो म्हणाला उतरेल. तोंडाची चव गेली तेव्हा म्हणाला येईल. शेवटी भावजयीने रडून-ओरडून डॉक्टरांकडे नेलं तेव्हा पाणी डोक्यावरून गेलं होतं. डायलिसिस सुरू झालं. त्याने दिलेली मशिनं घरापासून रिक्षाच्या अंतरावर, आणि हा माणूस गाडी करून वाशीला जायचा. मी विचारलं, का? म्हणाला, "मी तिथं झोपलो तर एका गरिबाची पाळी जाईल." मी म्हटलं, "खरं सांग." तेव्हा म्हणाला, "दिलेलं परत घेत नाय बाय."

बरं, डायलिसिसने निभावलं असतं तरी चाललं असतं. पण त्याचं हृदय थकायला लागलं होतं. डॉक्टर स्पष्ट बोलले, किडनी बदलली तर बरीच वर्षं मिळतील, नाही बदलली तर कशाचीच हमी नाही. भावजयीला पक्की शुगर, तिची चालणार नव्हती. मुलगी नुकती बाळंत झालेली. तिचं नाव काढलं तरी तो अंगावर यायचा. राहिले कोण? मी. रक्तगट एकच. भावजयीने मला दुपारी शाळेत फोन केला आणि काही न बोलता नुसती रडत राहिली. मी म्हटलं, "रडू नको, मला तपासायला कुठं यायचं ते सांग."

घरी यांना सांगितलं. आमचे हे बंदरात क्रेनवर होते, बोलणं मोजकं. जाळं विणत बसले होते, मान वर न करता म्हणाले, "मला इचारतेस? तू आजवर मला इचारून काय केलंस?" पण दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर हॉस्पिटलात आले, नवऱ्याची संमती लागते तिथे सही केली, आणि बाहेर येऊन बराच वेळ माझा हात धरून उभे राहिले. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण यांनी चारचौघांत माझा हात धरल्याचं मला दुसरं आठवत नाही. मला रडू आलं.

तपासण्या जमल्या. मी पेढे घ्यावेत अशा आनंदात भावाच्या घरी गेले. नव्या पनवेलला त्याचा मोठा फ्लॅट, हॉलमध्ये तो खुर्चीत बसलेला, रंग राखेसारखा झालेला. मी सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नको."

"का नको?"

"बहिनीचं घेत नाय आपल्यात."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "किडनी म्हणजे काय साडीचोळी हाय?"

पण मला माहीत होतं तो काय म्हणतोय. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही ही जुनी रीत. आमच्या आईने ती मला दोन मुलं झाल्यावरही सोडली नाही. चिरनेरला यायची ती पाण्याची बाटली पिशवीत घालून. भाऊसुद्धा येताना टोपली भरून आणायचा, आणि जाताना मी चार बोंबील बांधून दिले तर ते यांच्या सायकलला अडकवून पळायचा. नाहीच चुकवता आलं आणि डबा न्यावाच लागला, तर तो डबा साखरेने नाहीतर काजूंनी भरून परत यायचा. रिकामं भांडं परत देऊ नये, हे आमच्याकडे सगळेच पाळतात. याने मात्र ते अंगात भिनवून घेतलं होतं.

"वाट बघू," तो म्हणाला. "यादीत नाव टाकलंय. कोनीतरी मेल्यावरची मिळंल."

"आणि तू आधी मेलास तर?"

भावजय "ताई!" म्हणून ओरडली. मी म्हटलं, कुणीतरी बोलायला हवं होतं. तो शांतपणे म्हणाला, "मला वाट बघायची सवय हाय." मी म्हटलं, "तुझे शेअर वाट बघतात रे, रक्त नाय बघत." पण तो उठून आत गेला. भिंतीला धरून गेला.

असे महिने गेले. मी दर आठवड्याला जायची, भांडायची, परत यायची. त्याचा चेहरा सुजायचा, उतरायचा. वाशीहून आला की नुसता पडून राहायचा, पंख्याकडे बघत. वर्तमानपत्रातलं शेअरचं पान उघडून बघेनासा झाला, तेव्हा मी खरी घाबरले. आणि मला त्याचा संताप यायचा. जगाला वाटत सुटलेला हा माणूस माझ्या हातून एक गोष्ट घ्यायला तयार नाही, आणि त्यापायी मरायला तयार आहे. माझं काय? मी कोण? मी नुसती ओवाळायला?

तेवढ्यात भाऊबीज आली.

मी ताट घेऊन गेले. पाट, रांगोळी, सगळं झालं. ओवाळलं, कुंकू लावलं. त्याने खिशातून पाकीट काढलं आणि ताटात ठेवायला हात पुढे केला. मी ताट मागे ओढलं.

"यंदा नको."

त्याला वाटलं मी थट्टा करतेय. पुन्हा हात पुढे आला. मी ताट पार पाठीशी नेलं. "तू माझं घेईपर्यंत मी तुझं काही घेनार नाय. आज नाय, पुढं कधीच नाय. पाकीट ठेव खिशात."

भाऊबीजेचं ताट रिकामं नेणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. नातं तोडल्यासारखंच ते. तो पाटावर तसाच बसून राहिला, पाकीट हातात, कपाळावर ओलं कुंकू. त्याचा खालचा ओठ थरथरला. लहानपणी रडण्याआधी थरथरायचा तसा. मी निरांजन विझू दिलं नाही, तसंच घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि तिथे ओट्याला धरून ढसाढसा रडले. भावजयही रडत होती. फराळ कुणी केला नाही.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्या दिवशी त्याचा फोन आला. "करूया बाय," म्हणाला. बस, एवढंच. मी वर्गात होते. मुलांना म्हटलं, आज पाढे नाहीत, जा खेळा. मला वाटलं, जिंकले!

सख्ख्या भावाबहिणीचं असलं तरी हॉस्पिटलच्या समितीपुढे जावं लागतं. नातं खरं आहे ना, कुणाची जबरदस्ती नाही ना, पैशाचा व्यवहार नाही ना, हे ते विचारतात आणि सगळं कॅमेऱ्यात घेतात. मुंबईचं मोठं हॉस्पिटल, थंडगार खोली, टेबलामागे तिघंजण. मधल्या डॉक्टरीणबाई पांढऱ्या केसांच्या, कडक. आधी मला एकटीला आत बोलावलं. माझा शाळेचा दाखला बघितला, रेशनकार्ड बघितलं.

"या बदल्यात तुम्हाला काही मिळालंय? किंवा मिळणार आहे?"

मी म्हटलं, "मॅडम, या माणसाकडून काही घ्यायचं नाही म्हणून मी भाऊबीजेची ओवाळणी नाकारलीय." बाई चक्क हसल्या. मला बाहेर बसवलं आणि त्याला आत बोलावलं.

थोड्या वेळाने मला पुन्हा हाक आली. आत गेले तर हसू कुठल्या कुठे. भाऊ ताठ बसलेला, तोंडावर समाधान. बाई मला म्हणाल्या, "तुम्ही काही मिळालं नाही म्हणालात. हे तर म्हणतात, तुम्हाला शेअर दिलेत."

मला काही कळेना. "कसले शेअर?"

"ताईच्या खात्यात टाकलेत," भाऊ म्हणाला. अभिमानाने म्हणाला! "मागच्या आठवड्यात. मी कुणाचं फुकट घेत नाही मॅडम, बहिणीचं तर नाहीच."

झालं असं होतं की, फार वर्षांपूर्वी त्याने माझ्या नावाने शेअर ठेवायचं खातं उघडून दिलं होतं, बँकेत खातं असतं तसं. भाऊबीजेला कधीमधी त्यात थोडे शेअर टाकायचा. त्याच्याकडून शेअर पाठवायचे तर त्याच्या एका सहीने जातात, मला विचारावंही लागत नाही. 'करूया' म्हणून फोन केला त्याच दिवशी त्याने ते पाठवले होते. मी ओवाळणी नाकारली, म्हणून त्याने ती मागच्या दाराने दिली होती. एक पै न देता किडनी घ्यायची वेळ आली तर भांडं भरून ठेवायचं, या हिशोबाने. आणि कॅमेऱ्यासमोर ते छातीठोकपणे सांगितलं. समितीच्या भाषेत याला काय म्हणतात, ते एवढ्या मोठ्या शेठच्या डोक्यातच आलं नाही. त्याच्या लेखी तो आपला खरेपणा सांगत होता.

बाईंनी फाइल मिटली. "हे आम्हाला मंजूर करता येणार नाही. व्यवहार आहे हा." मी हातापाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. त्या म्हणाल्या, परत करा, खात्याचे उतारे आणा, पुन्हा तारीख घ्या, मग बघू. मला त्या खोटारडी समजल्या, याचं दुःख वेगळंच.

बाहेर आल्यावर मी कसलीही भीडभाड ठेवली नाही. माणसं बघत होती, बघू देत. "गाढवा! तुला जगायचं नाय का? सांग एकदाचं, म्हणजे मी चिरनेरला जाऊन गप बसते!"

तो बाकावर बसला होता. भावजय त्याला पाणी देत होती, ते त्याने बाजूला केलं, त्याला मोजूनच पाणी होतं. मग म्हणाला, "कुठलं शेअर दिलं, इचारलंस का?"

"मला काय करायचंय!"

"पयलं घेतलेलं. बाबांच्या जमिनीचं."

त्याने आयुष्यात कधी न विकलेले, सगळ्यात पहिले घेतलेले शेअर. ज्यांच्यावर बाकीचा सगळा डोलारा उभा राहिला, ते.

"एकदा घेतलंय तुझं," तो खाली बघत म्हणाला. "सही करून घेतली, भेळ खायला घातली. तेच्यावर शेठ झालो. लोक म्हन्तात दानशूर. मला लाज वाटते बाय. आता परत अंगातलं काढून घेऊ? दुसऱ्यांदा कसं घेऊ तुझं?"

इतकी वर्षं हे याच्या पोटात होतं. चहाचे कप सरकवत होता, नारळ टाळत होता, तेव्हाही होतं. मला त्याची दया यायला हवी होती, आणि आलीही, पण त्याआधी आला तो राग. असा राग मला कधीच आला नव्हता.

"तू घेतलं नाहीस ते," मी म्हटलं. "मी दिलं. ऐकतोस का? माझी सही होती, माझ्या हाताने केली. मी बावळट नव्हते, मला कळत होतं. माझा भाऊ शिकतोय, त्याला लागेल, म्हणून दिलं. तू शाळा दिल्यास, टाक्या दिल्यास, ते दान. आणि मी दिलं ते तू घेतलं? मग माझ्या नावावर काय राहिलं रे? देणं काय एकट्या तुझ्याच वाट्याला आलंय?"

तो माझ्याकडे बघत राहिला. भावजयीने त्याला उठवून गाडीत बसवलं.

मी त्या आठवड्यात सगळे शेअर सही करून त्याच्या खात्यात परत पाठवले. आता तारीख मिळेल असं वाटलं, तेवढ्यात डायलिसिससाठी त्याच्या मानेत बसवलेल्या नळीला जंतुसंसर्ग झाला. थंडी वाजून ताप. डॉक्टर म्हणाले, या अवस्थेत ऑपरेशनचा विचारही नको. तो अतिदक्षता विभागात, आम्ही बाहेर. काचेतून बघितलं तर गादीवर माणूस आहे की नुसती चादर, कळू नये इतका वाळलेला. सही तर मी लगेच केली होती, पण तारीख गेली होती, आणि त्या एका हुकलेल्या तारखेपायी हा जातोय की काय, या विचाराने मला घास उतरेना. ज्या दवाखान्याला त्याने मशिनं दिली तिथले लोक बघायला आले. त्याच्या फीवर शिकलेल्या दोन नर्सा आल्या, त्याच्या उशाशी आळीपाळीने थांबल्या. त्यातल्या एकीने चमच्याने त्याला चहा पाजला. त्याने तो प्याला. शुद्धीत होता की नव्हता, देव जाणे.

हळूहळू ताप उतरला. अंगात थोडा जीव आल्यावर डॉक्टरांनी पुन्हा समितीची तारीख घेतली. म्हणाले, आता लांबवू नका.

तीच थंडगार खोली, त्याच डॉक्टरीणबाई. या वेळी दोघांना एकदमच बसवलं. त्याला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. बाईंनी उतारे बारकाईने बघितले, शेजारच्यांना दाखवले. मग कॅमेरा सुरू झाला.

"शेअर परत आले?"

"हो."

"बहिणीला या बदल्यात काय देणार आहात?"

तो गप्प. मी त्याच्याकडे बघितलं. खुर्चीच्या दांड्यावर त्याची बोटं आवळली गेली होती, नखं पांढरी पडली होती.

"पैसे, जागा, दागिना, पुढे कधी काही? तुमच्या तोंडून ऐकायचंय मला. मान हलवलेली चालत नाही."

मला वाटलं, हा आता पुन्हा काहीतरी बोलून बसणार. नाहीतर उठून जाणार. बाई थांबल्या होत्या. शेजारच्या गृहस्थांनी घड्याळ बघितलं. मी मनात म्हणत होते, बोल रे, बोल, एवढं एक बोल.

"काही नाही," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की बाईंनी पुन्हा विचारलं.

"काही नाही देणार. तिला काही देणार नाही." आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसलंही नाही त्याने. इतक्या लोकांना इतकं दिलेला माणूस, एवढं वाक्य बोलताना त्याला धाप लागली.

बाईंचा आवाज जरा उतरला. "यांची किडनी तुम्हाला हवी आहे का? तुमची स्वतःची इच्छा सांगा."

तो बाईंशी बोललाच नाही. खुर्चीत कसाबसा वळला, माझ्याकडे. "मना जगायचं हाय बाय," तो म्हणाला. "मना दे."

"घे की मेल्या," मी म्हटलं. "कधीची घेऊन बसलेय."

मग मलाही पुढचं काही दिसेना. डॉक्टरीणबाईंनी लिहायचं ते लिहून घेतलं, कागद आमच्या बाजूला फिरवला आणि सही करायला पेन माझ्या हातात दिलं.